लाइव्ह कोडिंगमध्ये कंट्रोलरचे संदेश : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

मंचावर कोड लिहीत संगीत उभे करताना शेजारी ठेवलेल्या कंट्रोलरवरून येणारे संदेश कोडने कसे स्वीकारावेत, याची एक पक्की आणि प्रत्येक कार्यक्रमात जशीच्या तशी वापरता येईल अशी व्यवस्था बसवणे, हे या प्रकल्पाचे काम आहे. रचना टायडलसायकल्स (पुढे नुसते टायडल) या संगीतरचनेच्या भाषेत लिहिली जाते, आवाज सुपरकोलायडर या ध्वनिनिर्मितीच्या प्रणालीवर चालणारा सुपरडर्ट हा प्रोग्राम काढतो, लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि कंट्रोलर कोर्गचा नॅनोकंट्रोल २ आहे. त्यावर आठ स्लायडर, आठ नॉब आणि बटणांच्या रांगा आहेत. ऑगस्टच्या आरंभी तबल्याच्या साथीने एक छोटा कार्यक्रम आहे, तोपर्यंत ही व्यवस्था तयार व्हायला हवी.

कंट्रोलरला नेमके कोणते काम द्यायचे, हे आधीच ठरवून ठेवतो. फिल्टर (आवाजातील ठरावीक कंप्रता गाळणारी चाळण) सावकाश उघडत नेणे, गुंज हळूहळू वाढवणे, दोन आवाजांतील तोल सांभाळणे ही कामे आकडे टाइप करून करता येतात, परंतु प्रत्येक आकड्यानंतर ती ओळ पुन्हा चालवावी लागते आणि सलग चढायला हवा तो आवाज पायरी पायरीने चढतो. उलट, कोणता बोल कुठे यावा, आवर्तनाचे किती भाग पडावेत, कोणता तुकडा उलटा वाजावा, हे नॉबवर सोपवले तर कोड लिहिण्याचे प्रयोजनच संपते. म्हणून जे सलग बदलते ते हाताकडे आणि जे रचनेचे आहे ते कोडकडे, अशी विभागणी केली आहे.

दुसरी एक अट मी स्वतःवर घालून घेत आहे. २००४ साली हॅम्बुर्ग येथे सुरू झालेल्या टॉपलॅप या लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या जाहीरनाम्यात असा आग्रह धरला आहे की, वादकाने आपला पडदा श्रोत्यांना दाखवावा. कोड पडद्यावर दिसतो, पण नॉब फिरवणारा हात दिसत नाही. म्हणून कंट्रोलरवरून आलेली आणि संगीतात शिरलेली प्रत्येक किंमत पडद्याच्या कोपऱ्यात दिसलीच पाहिजे. श्रोत्याला ऐकू येणाऱ्या बदलाचे कारण त्याच्यापासून लपलेले राहणे मला मान्य नाही.

८ जून

कोड लिहिण्यापूर्वी कच्चे संदेश वाचले. कंट्रोलर ते मिडी या, वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या प्रमाण संकेतात पाठवतो. लिनक्समधील एसेकडंप ही आज्ञा मिडी पोर्टवर येणारा प्रत्येक संदेश एकेका ओळीत छापते, त्यामुळे एक नॉब फिरवायचा, काय छापले जाते ते पाहायचे आणि वहीत लिहायचे, एवढेच आजचे काम होते. कारखान्यातून येते त्या जुळवणीत आठ स्लायडर ० ते ७ या क्रमांकांवर, आठ नॉब १६ ते २३ वर, आणि एस, एम व आर या बटणांच्या रांगा अनुक्रमे ३२ ते ३९, ४८ ते ५५ व ६४ ते ७१ या क्रमांकांवर संदेश पाठवतात. बटण दाबले की १२७ येतो आणि सोडले की ० येतो, म्हणजे एका दाबण्याचे दोन संदेश होतात, हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

या क्रमांकांकडे नीट पाहिले तर एक अडचण दिसते. मिडीच्या संकेतात यांतील काही क्रमांकांना ठरलेले अर्थ आहेत. ० आणि ३२ ही जोडी ध्वनीची बँक निवडते, ७ म्हणजे चॅनेलचा आवाज, आणि ६४ म्हणजे पियानोचा स्वर धरून ठेवणारे पेडल. कंट्रोलरचे संदेश जसेच्या तसे एखाद्या बाहेरच्या सिंथकडे (आवाज निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याकडे) सोडले, तर पहिला स्लायडर हलवताच बँक बदलण्याचा आदेश जाऊ शकतो आणि आर रांगेतील पहिले बटण दाबून ठेवल्यास स्वर धरले जाऊ शकतात. त्यामुळे कंट्रोलर आणि सिंथ यांची थेट जोडणी या प्रकल्पात कुठेही करायची नाही, असा निर्णय घेतला. प्रत्येक संदेश आधी सुपरकोलायडरमध्ये येईल, तिथे त्याला मी दिलेले नाव लागेल, आणि पुढे जे जाईल ते त्या नावाने जाईल. कोडमध्ये कुठेही ‘सतरा’ असे दिसणार नाही, ‘धार’ किंवा ‘गुंज’ असे दिसेल. पडद्यावर वाचणाऱ्यालाही तेच सोयीचे आहे.

वेगाचा हिशेबही मांडून ठेवतो. मूळ पाच पिनांच्या मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका बाइटला आरंभाचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे एक बाइट ३२० मायक्रोसेकंदांत आणि तीन बाइटांचा एक कंट्रोल संदेश सुमारे एक मिलिसेकंदात पोहोचतो. नॅनोकंट्रोल यूएसबीवर असल्याने ही मर्यादा त्याला लागू नाही. सुपरकोलायडर ४८,००० नमुन्यांच्या दराने चालवताना ६४ नमुन्यांचा एक गट घेतो आणि कंट्रोलच्या किमती गटागणिक एकदाच, म्हणजे दर १.३३ मिलिसेकंदांनी वाचतो. एवढ्या विलंबाने नॉबचे काही बिघडत नाही, त्यामुळे विलंबाचा खरा प्रश्न तारेत किंवा सर्व्हरमध्ये (सुपरकोलायडरच्या आवाज काढणाऱ्या भागात) असणार नाही, तो वेळापत्रकात असणार आहे.

९ जून

कंट्रोलर काढून पुन्हा जोडला, किंवा त्याच्या आधी दुसरे उपकरण जोडले, की लिनक्स त्याला वेगळा क्लायंट क्रमांक देऊ शकते. क्रमांकावर विसंबून केलेली जोडणी मंचावर दगा देईल. सुपरकोलायडरमध्ये उपकरणाच्या नावावरून पोर्ट शोधण्याची सोय आहे, तीच वापरायची.

१५ जून

आजचा विषय लाइव्ह कोडिंगच्या अगदी गाभ्याचा आहे. साधा प्रोग्राम एकदा सुरू होतो आणि संदेश स्वीकारणारे फलन (ठरलेले काम करणारा कोडचा तुकडा) एकदाच नोंदवले जाते. येथे मात्र तीच ओळ कार्यक्रमात कितीही वेळा चालवली जाऊ शकते आणि दर वेळी तिच्यात काहीतरी बदललेले असते.

सुपरकोलायडरमध्ये संदेश स्वीकारण्याचे दोन मार्ग आहेत. मिडीफंक या मार्गाने नोंदवलेले फलन निनावी असते, त्यामुळे तीच ओळ तीनदा चालवली तर तीन फलने जिवंत राहतात आणि नॉबच्या एका हालचालीला तिन्ही उत्तर देतात. हे प्रत्यक्ष करून पाहिले. पहिल्या फलनात फिल्टरची कक्षा ८० ते ८००० हर्ट्‌झ ठेवली, दुसऱ्यात २०० ते २०००, आणि दोन्ही चालवून नॉब फिरवला. एकाच संदेशाला दोन फलने दोन वेगळ्या किमती लिहीत होती, शेवटी लिहिणाऱ्याची किंमत टिकत होती, आणि पडद्यावर नुकतीच लिहिलेली ओळ बरोबर दिसत असूनही आवाज कोणत्या ओळीचा आहे हे निव्वळ वाचून सांगता येत नव्हते. मंचावर अशा गोंधळाचा शोध घ्यायला वेळ नसतो.

मिडीडेफ या दुसऱ्या मार्गात प्रत्येक फलनाला नाव द्यावे लागते, आणि त्याच नावाने नवे फलन नोंदवले की जुने आपोआप बाद होते. लाइव्ह कोडिंगला हाच मार्ग योग्य आहे. ओळ चालवली की तिचा जुना अर्थ संपावा आणि नवा लागू व्हावा, ही अपेक्षा टायडलमध्ये पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलेली असते, संदेश स्वीकारणाऱ्या कोडनेही तीच पाळायला हवी.

सगळा आवाज एकदम थांबवण्यासाठी सुपरकोलायडरमध्ये कंट्रोल आणि टिंब या कळा एकत्र दाबतात. त्या दाबताच आवाजांबरोबर संदेश स्वीकारणारी फलनेही काढून टाकली जातात, जोपर्यंत त्यांना कायम असा शेरा दिलेला नाही. मंचावर काहीतरी बेसूर झाले, ते थांबवले आणि नव्याने सुरुवात केली की कंट्रोलर मूक झालेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून सर्व फलनांना कायम हा शेरा दिला आहे आणि फिल्टर चालवणारा सुपरकोलायडरमधील सिंथही सर्व्हरची रचना नव्याने उभी राहते तेव्हा आपोआप परत येईल अशी तजवीज केली आहे.

२२ जून

आज एक भेद स्पष्टपणे लिहून ठेवायचा आहे, कारण पुढील सर्व मांडणी त्यावर उभी आहे. कंट्रोलरवरून येणारे संदेश दिसायला एकाच जातीचे असले तरी त्यांचे स्वभाव दोन आहेत. नॉबचा संदेश ‘मी आता इथे आहे’ एवढेच सांगतो. मधले दहा संदेश हरवले आणि शेवटचा पोहोचला तरी काही बिघडत नाही, कारण शेवटची स्थिती तेवढी महत्त्वाची. बटणाचा संदेश मात्र ‘आत्ता हे घडले’ असे सांगतो. तो हरवला तर घटना हरवली, आणि दोनदा मोजला गेला तर दोन घटना झाल्या. पहिल्या जातीचा संदेश साठवून ठेवायचा आणि संगीताने आपल्या वेळी तो वाचायचा, दुसऱ्या जातीचा संदेश रांगेत धरायचा आणि ठरलेल्या मात्रेवर अमलात आणायचा.

हा भेद सोनिक पायमध्ये फार नेटकेपणाने भाषेतच उतरला आहे. सॅम अॅरन यांनी केंब्रिज येथे घडवलेल्या या साधनात २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिडी संदेश घेता येतात, आणि त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. सिंक म्हटले की लूप पुढील संदेश येईपर्यंत थांबून राहतो, गेट म्हटले की न थांबता शेवटची माहीत असलेली किंमत हाती येते. पियानोच्या पट्टीसाठी पहिले, नॉबसाठी दुसरे. शिवाय सोनिक पाय एरवी आपले आवाज अर्ध्या सेकंदाच्या आगाऊ वेळापत्रकाने पाठवतो. पट्टी वाजवताना हा अर्धा सेकंद असह्य होतो, म्हणून त्या लूपमध्ये ‘यूज रिअल टाइम’ असे लिहून तो शून्यावर आणता येतो. मी सोनिक पाय या कार्यक्रमात वापरत नाही, पण नवशिक्याला कंट्रोलरचे काम समजावून सांगताना मी तिथूनच सुरुवात करीन.

सुपरकोलायडरमध्ये नॉबसाठी कंट्रोल बस ही सोय आहे. संदेश आला की फलन बसवर किंमत लिहिते आणि मोकळे होते, सिंथ ती बस सतत वाचत राहतो. एवढ्याने काम होईल असे वाटते, पण कानाने परीक्षा घेतली की दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट कक्षेच्या मांडणीची. नॉबच्या किमती ० ते १२७ अशा असतात, म्हणजे त्यांच्यामध्ये १२७ पायऱ्या पडतात. ८० ते ८००० हर्ट्‌झची कक्षा त्यांवर सारखी वाटली तर प्रत्येक पायरी सुमारे ६२ हर्ट्‌झची होते. खालच्या टोकाला ८० वरून एकदम १४२ वर उडी पडते, जी जवळजवळ दहा अर्धस्वरांची आहे, आणि वरच्या टोकाला तीच पायरी कानाला जाणवतही नाही. म्हणून वाटणी गुणोत्तराने करायची. तशी केली की प्रत्येक पायरी सुमारे ३.७ टक्क्यांची होते आणि सर्व पायऱ्या कानाला सारख्या वाटतात.

दुसरी गोष्ट अशी की ३.७ टक्के म्हणजेही साधारण ६३ सेंट, अर्थात अर्धस्वराच्या निम्म्याहून जास्त. फिल्टरला अनुनाद जास्त दिलेला असेल तर नॉब सावकाश फिरवताना या पायऱ्या शिडीसारख्या स्पष्ट ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणून बस आणि फिल्टर यांच्यामध्ये लॅग बसवला, जो नव्या किमतीकडे उडी न मारता सरकत जातो. ०.०२ सेकंदाच्या लॅगने शिडी बोथट होते पण राहते, ०.५ सेकंदाच्या लॅगने आवाज लोण्यासारखा होतो पण हात आणि कान यांचा संबंध तुटतो. सध्या ०.१ सेकंद ठेवला आहे. जिथे याहून बारकाई हवी, तिथे तानपुऱ्याचे सूत्र उचलले आहे: खुंटीने तार जवळ आणायची आणि मण्याने नेमकी मिळवायची. स्लायडर पूर्ण कक्षा फिरवतो, त्याच्याच वरचा नॉब त्या जागेभोवती दोन अर्धस्वरांत बारीक फेरफार करतो.

२९ जून

आता टायडलकडे. टायडल बाहेरच्या किमती यूडीपी या नेटवर्क पद्धतीच्या ६०१० या पोर्टवर ऐकतो. नाव आणि किंमत असलेला संदेश तिथे पाठवला की ती किंमत रचनेच्या कोणत्याही ओळीत त्या नावाने वापरता येते. अपूर्णांकासाठी सीएफ हे फलन आहे आणि त्याला एक मूळ किंमतही द्यावी लागते, जी पहिला संदेश येईपर्यंत वापरली जाते. ही मूळ किंमत विचारपूर्वक द्यायला हवी. मिडीच्या कंट्रोल संदेशांत ‘तू आता कुठे आहेस’ असे विचारण्याची सोय नाही, आणि माझा कंट्रोलर जोडल्यावर स्वतःहून आपली स्थिती सांगत नाही, त्यामुळे नॉब हलेपर्यंत संगीताला त्याची जागा माहीत नसते.

टायडलच्या स्वभावामुळे एक महत्त्वाची मर्यादा येते. टायडलसाठी संगीत म्हणजे घटनांची मालिका आहे. प्रत्येक घटना वाजण्यापूर्वी सेकंदाच्या काही दशांश आधी तिच्या सर्व किमती ठरतात आणि वेळेचा शिक्का मारून ती सुपरडर्टकडे रवाना होते. नॉबची किंमत घटना ठरते त्या क्षणी एकदा वाचली जाते. त्यानंतर नॉब कितीही फिरवला तरी वाजत असलेल्या स्वराला त्याची खबर नसते. दर मात्रेला टकटक करणाऱ्या आवाजात हे कळतही नाही. आठ मात्रा लांबणाऱ्या षड्‌जावर मात्र फिल्टर फिरवून पाहिला, तर हात फिरत राहतो आणि आवाज पुढच्या स्वरापर्यंत ढिम्म हलत नाही.

म्हणून दोन वाटा केल्या. स्वराच्या पोटात जे बदलायला हवे, म्हणजे फिल्टर, गुंज आणि पातळी, ते बसवरून थेट सुपरडर्टच्या बाहेर पडणाऱ्या एकत्रित आवाजावर बसवलेल्या सिंथकडे जाते. स्वर सुरू होताना जे ठरायला हवे, म्हणजे बोल गाळले जाण्याची शक्यता, नमुना कुठून वाचायला घ्यायचा, डावे-उजवे स्थान, ते ६०१० पोर्टवरून टायडलकडे जाते. एखाद्या नॉबची वाट कोणती, हे त्याच्या नावाबरोबरच एका तक्त्यात लिहिले आहे. नवा नॉब कामाला लावायचा तर आधी या तक्त्यात त्याचे उत्तर लिहावे लागते: या किमतीने संगीतात केव्हा शिरावे?

६ जुलै

नॉबची खरी जागा आणि सॉफ्टवेअरमधील किंमत यांचा मेळ सुटतो, हा आजचा प्रश्न. कोडमध्ये मी फिल्टर ४०० हर्ट्‌झवर नेऊन ठेवला, नॉब मात्र मागच्या तुकड्यात वापरला होता तिथे, वरच्या टोकाला आहे. आता त्याला बोट लागले तरी पहिला संदेश फिल्टरला ८००० च्या आसपास फेकतो. संथ आलापीत अशी एक उडी सगळी हवा घालवते.

यावरचा रूढ उपाय असा की नॉब साठवलेल्या किमतीला येऊन मिळेपर्यंत त्याचे संदेश दुर्लक्षित करायचे. तपासणी समानतेची ठेवून चालत नाही. नॉब झटक्यात फिरवला तर तो ४० वरून थेट ४७ वर जातो आणि ४३ वर असलेली साठवलेली किंमत त्याला कधी भेटतच नाही. म्हणून प्रत्येक नॉबची मागील जागा लक्षात ठेवायची आणि साठवलेली किंमत मागील व नव्या जागेच्या दरम्यान, टोके धरून, आली की नॉब ‘जुळला’ असे मानायचे. जुळल्यानंतर तो थेट चालतो, आणि कोडमधून ती किंमत बदलली की पुन्हा ‘सुटलेला’ होतो. पहिल्याच संदेशाला मागील जागा नसते, तेव्हा तो संदेश फक्त जागा नोंदवतो, बाकी काही करत नाही.

न जुळलेला नॉब फिरवताना काहीच ऐकू येत नाही, आणि त्यामुळे वादकाला वाटते की जोडणी तुटली. येथे पडद्याच्या कोपऱ्यातील तक्ता कामी आला. प्रत्येक नावापुढे साठवलेली किंमत ठळक आणि नॉबची जागा फिकी दिसते, व दोन्ही जुळल्या की एकच आकडा राहतो. हा तक्ता मी श्रोत्यांसाठी केला होता, पण त्याचा सर्वांत मोठा उपयोग मलाच होत आहे.

तक्ता रंगवण्याचे काम सेकंदाला वीसदाच होते. नॉब जोरात फिरवला की संदेशांचा लोंढा येतो आणि प्रत्येक संदेशाला पडद्यावर काही लिहीत बसल्यास सुपरकोलायडरचा कोड चालवणारा भाग मागे पडतो. बसवरची किंमत मात्र प्रत्येक संदेशाला लिहिली जाते.

१३ जुलै

तबल्यासह पहिली तालीम झाली. त्रिताल, मध्यलय. टायडलचे एक चक्र म्हणजे सोळा मात्रांचे एक आवर्तन असे धरले आहे. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत आवर्तन बारा सेकंदांचे होते, १६० च्या लयीत सहा सेकंदांचे. लय एका नॉबवर ठेवली होती, ६० ते १८० मात्रांच्या कक्षेत, म्हणजे एका पायरीला एका मात्रेहून थोडा कमी बदल.

तबलावादकांनी दोन आवर्तनांतच हात थांबवला. ते म्हणाले, “लय चढवायची तर समेवरून चढवा. मध्येच चढवलीत तर मला ठेका सोडून तुमच्या मागे धावावे लागते, आणि मग साथ कसली?” हे सर्वस्वी बरोबर आहे. नॉब फिरेल तशी लय ताबडतोब बदलणे यंत्राला सोपे असले तरी दोन माणसांत लयीचा असा व्यवहार होत नाही.

उपाय टायडलच्या त्याच स्वभावात सापडला, जो फिल्टरच्या वेळी आड आला होता. टायडलमध्ये चक्रांचा वेग हीदेखील घटनेबरोबर पाठवता येणारी एक किंमत आहे. म्हणून चक्रात एकच, समेवर येणारी घटना असलेली वेगळी ओळ लिहिली आणि नॉबने ठरवलेली लय फक्त त्या घटनेला जोडली. घटना ठरताना किंमत एकदाच वाचली जाते, त्यामुळे नॉब आवर्तनाच्या मध्ये कितीही फिरला तरी लय बदलते ती समेवरच. शिवाय नॉबने थेट लय न सांगता फक्त गाठायची लय सांगावी आणि सुपरकोलायडरने त्या दिशेने किंमत हळूहळू सरकवावी, असे केले. बारा सेकंदांच्या आवर्तनात लयीत मिनिटाला चार मात्रांपेक्षा जास्त फरक पडत नाही. पडद्यावर आताची लय आणि गाठायची लय दोन्ही दिसतात. तबलावादकांना तो पडदा दिसेल असा ठेवला, तेव्हा ते पुढच्या समेची तयारी आधीच करू लागले.

बटणांचेही तसेच केले. तुकडा सुरू करणारे बटण दाबल्याची घटना रांगेत पडते आणि पुढील समेवर अमलात येते. दाबण्याचा १२७ तेवढा मोजला जातो, सोडण्याचा ० गाळला जातो.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. टायडलची छोटी लेखनपद्धती ज्या साधनांवरून प्रेरणा घेऊन घडली, त्यांत बर्नार्ड बेल यांचा बोल प्रोसेसर आहे, आणि तो १९८० च्या दशकात जेम्स किपन यांच्या तबल्याच्या अभ्यासासाठी, कायदा या तबल्यातील वादनप्रकाराची रचना संगणकाला समजावी म्हणून तयार झाला. हेच बेल पुढे पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावर काम करत होते. तबलजीने टायडलला समेची आठवण करून द्यावी, याला म्हणूनच एक जुना आधार आहे.

१४ जुलै

बाहेरच्या ड्रम मशीनचे घड्याळ घ्यावे का, असा विचार होता. मिडीचे घड्याळ एका क्वार्टर नोटला, म्हणजे साधारण एका मात्रेला, २४ ठोके पाठवते, १२० च्या वेगाला दर २०.८ मिलिसेकंदांनी एक, आणि प्रत्येक ठोका थोडा मागेपुढे येतो, म्हणून सरासरी काढावी लागते. जिथे लय माणसांनी ठरवायची आहे तिथे तिसरा मालक नको. घड्याळाचे संदेश प्रवेशापाशीच गाळले आहेत.

२० जुलै

राखीव म्हणून ठेवलेल्या एका जुन्या कंट्रोलरचा एक नॉब हात न लावताही ६३ आणि ६४ यांच्यामध्ये थरथरतो. ही थरथर बसवर लॅगमुळे ऐकू येत नाही, पण जुळलेला नॉब सतत ‘हलला’ असे सांगत राहतो आणि तक्ता स्थिर राहत नाही. मागील स्वीकारलेल्या किमतीपासून किमान दोन पायऱ्यांचा फरक असल्याशिवाय संदेश स्वीकारायचा नाही, असा नियम लावला की थरथर थांबते. मात्र या नियमाने टोके हरवतात. किंमत १ वर स्वीकारली गेली असेल तर ० चा संदेश फरक एकाचाच म्हणून नाकारला जातो, आणि पूर्ण बंद केलेला आवाज बारीक झिरपत राहतो. म्हणून ० आणि १२७ यांना नियमातून सूट दिली आहे. ही सूट नसली तर शांत सभागृहात तो झिरपणारा आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल.

२७ जुलै

आणीबाणीची वाट तपासली. सगळे शांत करणारे बटण जुळणी, रांग, सम या कशातूनही जात नाही. संदेश येताच एकत्रित आवाज अर्ध्या सेकंदात शून्यावर उतरतो आणि त्यानंतर टायडलच्या सर्व ओळी थांबवल्या जातात. एका झटक्यात तोडल्यास ध्वनिक्षेपकातून टक्क असा आवाज येतो, म्हणून उतार दिला. बाहेरचा सिंथ कधी जोडला तर त्याला १२० आणि १२३ हे दोन संदेशही जातील. पहिला सर्व आवाज लगेच तोडण्याचा, दुसरा सर्व स्वर सोडण्याचा. १२० ते १२७ हे क्रमांक नॉबसाठी नसून अशा आदेशांसाठी राखलेले आहेत, म्हणून तक्त्यात ते कोणालाही देता येत नाहीत.

यूएसबीची तार वाजवता वाजवता काढून पाहिली. शेवटच्या किमती बसवर तशाच राहिल्या, संगीत चालू राहिले, आणि हेच हवे होते. तार पुन्हा जोडल्यावर कंट्रोलर नावाने शोधला जातो आणि सर्व नॉब सुटलेले मानले जातात, कारण मधल्या काळात कोणी काय फिरवले ते सांगता येत नाही.

४ ऑगस्ट

काल कार्यक्रम झाला. समेवर लय बदलण्याची व्यवस्था पूर्ण वेळ चालली. ७२ वरून १४० पर्यंत चढताना तबला आणि कोड यांच्यात एकदाही ओढाताण झाली नाही. फिल्टरची शिडी एका जागी, अनुनाद सर्वांत जास्त असताना, मला ऐकू आली. त्या नॉबचा लॅग ०.१५ सेकंद करून पाहायचा आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये कंट्रोलच्या किमती ३२ बिटांच्या आहेत आणि तशी उपकरणे हाताशी आली की हा प्रश्न मुळातच सुटेल, पण तोवर स्लायडर आणि नॉबची जोडी पुरेशी आहे.

कार्यक्रमानंतर तबलावादकांनी एक मागणी केली, ती पुढील कामाच्या यादीत पहिली आहे. गाठायची लय ठरवण्याचा अधिकार त्यांनाही हवा आहे. दोन्ही हात गुंतलेले असल्याने त्यांच्यासाठी पायाने दाबायचे पेडल लागेल. एकदा दाबले की मिनिटाला चार मात्रांनी चढ, दाबून धरले की तेवढाच उतार. दाबून धरल्याचे ओळखायचे तर पेडल सुटल्याचा संदेशही मोजावा लागेल, म्हणून बटणांच्या फलनात ० गाळण्याचा जो नियम आहे त्यातून पेडलचा क्रमांक वगळायचा आहे. नॉब आणि पेडल यांनी एकाच आवर्तनात वेगवेगळ्या लयी सांगितल्या, तर पेडलचे ऐकायचे आणि नॉब सुटलेला मानायचा, असे सध्या ठरवले आहे. पुढची तालीम १७ तारखेला आहे.